बुजलेल्या खाणीचं छत

रामाकोना गावापलीकडची कोळशाची खाण बुजवून तिच्यावर शिसमाची झाडं लावली, त्याला बरीच वर्षं झाली होती. सरकारी तपासणीला आलेल्या प्रज्ञाला ती जागा झोपेत पाहिल्यासारखी वाटली. मऊ ऊन होतं, शेजारच्या बगिच्यातून संत्र्याच्या फुलांचा वास येत होता.

भराव नीट बसलाय का पाहायला तिनं लोखंडी गज जमिनीवर ठोकला.

खालून कुणीतरी दोनदा ठोकलं.

"खाली कोणी आहे का, भाऊ?"

"कोणी नाही जी," चौकीदार गुणवंता हसला. "मीच तं टिप्परनं माती टाकून राहिलो होतो. उंदराएवढी जागा नाही ठेवली."

ती थोडी सरकली. ठोकाही सरकला. दोन ठोके, मग कान देऊन थांबल्यासारखी शांतता.

ही शांतता तिच्या ओळखीची होती. तिचे बाबा याच खाणीत कामाला होते. पाऊल टाकण्याआधी डोक्यावरचं छत काठीनं ठोकायचं आणि खणखणीत वाजलं तरच पुढे जायचं, पोकळ वाजलं तर ते कोसळायच्या बेतात आहे असं समजायचं, ही खाणीतली रीत. बाबा घरीसुद्धा छत ठोकूनच आडवे होत. ते गेल्यावरही तो आवाज तिला झोपेत यायचा.

खालचं छत खणखणीत वाजत होतं. कुणी बोट धरून न्यावं तशी प्रज्ञा त्या आवाजामागे शिसमाच्या सावलीपर्यंत गेली.

तिथे ठोका पोकळ वाजला.

ती पुढच्या ठोक्याची वाट पाहत उभी राहिली. छत पोकळ वाजलं की बाबा पुन्हा ठोकत नसत. सोबतच्यांना घेऊन मुकाट्यानं बाजूला होत.

तिच्या तळपायांखालून खूप पावलं लगबगीनं निघून गेली.