अ‍ॅम्प्लिफायरची पारख

गाण्याच्या बाईंनी काडेपेटीएवढा अ‍ॅम्प्लिफायर मोबाईलला जोडला आणि कस्तुरीच्या कानांवर हेडफोन चढवला. दुकानदाराने तो पारखून बघायला दिला होता. तापानंतर पोरीला ऐकू येणं कमी होत चाललं होतं. यानेही सूर कळले नाहीत, तर तिचं गाणं आजपासून बंद होणार होतं.

मोबाईलवर तानपुरा लावून बाईंनी आवाजाचं बटण फिरवलं. “येतोय का गं?”

त्यांच्या ओठांकडे बघत ती म्हणाली, “थोडाथोडा.”

त्यांनी बटण आणखी फिरवलं.

“बाई, बास! कानात नुसती जत्रा भरलीय!”

बाईंचा जीव भांड्यात पडला. दाराबाहेर थांबलेल्या तिच्या वडिलांना बोलवायला त्या उठल्या, तेव्हा मांडीवरून हेडफोनची वायर घसरली. तिची पिन अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घालायची राहूनच गेली होती.

कस्तुरी डोळे मिटून मान डोलवत होती.