पहिला लोटा

बिजलीबाईनं कमरेवरची घागर उतरवली, ती नेमकी रजत साहेबाच्या बुटांपुढं.

साहेब तेव्हा रंगात आला होता. मैत्रेयी मॅडम पुण्याहून आल्या होत्या. रिसॉर्ट निसर्गाला खरंच जपतं की नाही ते बघून प्रमाणपत्र द्यायचं, हे त्यांचं काम. साहेबाच्या ‘वनश्वास’ रिसॉर्टला ते मिळालं की परदेशी पाहुण्यांची रीघ लागणार होती. मॅडमना आणायला साहेबानं नागपूरला एसी गाडी धाडली होती. पण ही बाई कुठली गाडीत बसते! एस.टी.नं पांढरकवड्याला उतरली आणि फाट्यावरून फुलसिंगच्या बैलबंडीत बसून आली. गाडी थंडगार हवा खात रिकामीच परतली. फुलसिंग म्हणजे बिजलीबाईचा नवरा. आताही तो बाभळीखाली बैल धरून उभा होता.

“हे आमचं कमळतळं,” साहेब सांगत होता. “आमच्या चादरी सेंद्रिय कापसाच्या. त्या धुतल्या की पाणी या तळ्यात येतं, कमळं ते शुद्ध करतात, मग आम्ही ते नाल्यात सोडतो. शेजारच्या बंजारा तांड्याची जनावरं तेच पाणी पितात. अहो, मीसुद्धा पिऊ शकतो, मॅडम!”

कशाचं काय! तळ्यात कालच बोअरचं पाणी सोडलं होतं आणि कमळं कुंड्यांसकट बुडवली होती. चादरींचं पाणी ब्लीचसकट मागच्या पाइपातून थेट नाल्यात जात होतं. पंधरा दिवसांपूर्वी बिजलीबाईची गाय ते प्याली आणि दिवस मावळायच्या आत पाय झाडून मेली.

बिजलीबाई जाब विचारायला गेली, तर साहेब उलट तिलाच म्हणाला, “पऱ्हाटीवर फवारणी कोणी केली होती? तुझ्याच नवऱ्यानं ना? तीच खाऊन मेली गाय.” त्या साली कपाशी फवारता फवारता माणसं मरत होती, तिथं गायीचं काय घेऊन बसलात! तांड्याला पटलं. फुलसिंगलाही पटलं. माझ्याच हातानं मारली, म्हणायचा आणि ताटावरून उठायचा. तो हातातनं चालला होता आणि बिजलीबाईला ते रोज बघावं लागत होतं. वर पुन्हा रिसॉर्टच्या नोकरीपायी आरशांचा घागरा घालून त्याच साहेबाच्या पाहुण्यांना हसून पाणी द्यायचं.

“साहेब,” ती म्हणाली, “आमच्यात नवी विहीर लागली, नवं तळं भरलं का पहिला लोटा मालकानं प्याचा राह्यते. चार लोकांसमोर. मंग बाकीच्याइनं.”

मॅडमना हे भारीच आवडलं. “किती छान रीत आहे! घ्या ना, रजत.”

बिजलीबाईनं घागरीतून लोटा भरला. साहेबानं हसत हात पुढं केला. तेवढ्यात ती त्याच्या कानाशी हळूच बोलली, “तळ्यातलं नाही. पाइपाच्या तोंडचं हाय. तुमीच म्हनले ना, एकच पानी?”

साहेबाचं तोंड असं उतरलं, की वा रे वा! “मला... मला सर्दी आहे,” तो म्हणाला.

“प्या ना जी. घोटभर पान्यानं काय होते?”

“घसाही दुखतोय.”

“द्या मग, मीच घेते,” म्हणत मॅडमनी हात पुढं केला. या बाईशी बिजलीबाईचं काही वैर नव्हतं. तिनं लोटा पुढं केला, पण आपली पकड सोडली नाही. तो मॅडमच्या ओठापर्यंत जाणार नाही, हे तिनं घरूनच ठरवून ठेवलं होतं. पण तिला काही करावंच लागलं नाही. साहेबानं झडप घातली आणि लोटा उडवून दिला.

“पिऊ नका, मॅडम! नाल्याचं आहे ते, ब्लीच आहे त्यात!”

लोटा घरंगळत गेला. माळी, वेटर, सगळे जागच्या जागी थांबले.

“पण जनावरं हेच पितात, असं आत्ताच म्हणालात ना?” मॅडमनी विचारलं.

साहेब रुमालानं ओले हात पुसायला लागला.

“आयकलं का जी?” बिजलीबाई बाभळीकडं वळून ओरडली. तिचा आवाज फाटला. “आता तरी आयकलं? तुमी नाही मारली! तुमी नाही मारली तिले!”

फुलसिंगच्या हातातला कासरा गळून पडला. तो बैलाच्या मानेवर डोकं टेकवून मोठमोठ्यानं रडायला लागला. पंधरा दिवसांत तो पहिल्यांदाच रडत होता. बिजलीबाईनं त्याला रडू दिलं.

मग तिनं लोटा उचलला, पदरानं पुसला आणि घागरीत बुडवून पुन्हा काठोकाठ भरला. मॅडम काहीतरी म्हणाल्या. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

“मॅडमले पिऊ नका म्हनलं, बरं केलं साहेब,” ती म्हणाली. “माह्या गायीले काहून नाही म्हनलं?”

“बिजलीबाई, हे बघा, आपण ऑफिसात बसून...”

“घ्या. तिनं पोट फुटेस्तोवर पेलं होतं. तुमाले लोटाभरच आनलं.”

साहेब मागं सरला. मागं तळं होतं. बिजलीबाई लोटा धरून आणखी एक पाऊल पुढं आली.