दुर्गाबाईंचा हुंकार

“हूं,” म्हणत दुर्गाबाईंनी सुनेच्या दंडाला चिमटा काढला. बेबीनंदाचे मिटू लागलेले डोळे खाडकन उघडले. जेवणानंतरचा हा अकरावा चिमटा होता.

शहागडच्या मारुतीच्या देवळात धोंड्याच्या महिन्यातली पोथी चालली होती. ज्येष्ठातली दुपार आणि पोटात पुरणाचे धोंडे. पुंजारामबुवा वाचत होते. बाया गोल करून बसल्या होत्या, एका गोलाबाहेर दुसरा, दुसऱ्याबाहेर तिसरा. मधोमध बेबीनंदा. तिला सातवा महिना होता.

पोथीतला प्रसंगही पोटुशीचाच होता. चक्रव्यूहात कसं शिरायचं, ते कृष्ण सुभद्रेला सांगतो. तिला झोप लागते. पोटातला अभिमन्यू हुंकार देत राहतो. ते ध्यानात येताच देव मधेच गप्प होतो. पुढे अभिमन्यू व्यूहात शिरतो, पण बाहेर काही पडत नाही.

दुर्गाबाईंचा देवावर राग होता तो एवढ्याचसाठी. सख्खा भाचा, आणि त्याला अर्धंच सांगितलं. सुभद्रेने झोपायला नको होतं हे खरं, पण मामाला पुढचं सांगायला काय धाड भरली होती? आपल्या नातवाच्या बाबतीत असलं अर्धवट काम त्या होऊ देणार नव्हत्या. बाहेर पडायची वाट ऐकल्याशिवाय सून जागची हलणार नाही, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

“पुढचं पोथीत न्हाईच, बाई,” पुंजारामबुवा तिसऱ्यांदा म्हणाले.

“मंग हुडका.”

या भांडणात बिचारा देवानंद अडकला होता. तो बेबीनंदाचा भाऊ. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून पार टेंभुर्णीहून जीप करून बहिणीला न्यायला आला होता. उद्यापासून आठवा लागत होता आणि आठव्यात कोणी हलवत नाही. नवव्यात एवढ्या लांबच्या खड्ड्यांतून तिला नेणार कोण? आज निघाली तरच माहेर. बेबीनंदाला आईची इतकी आठवण येत होती, की चिमटे नसते तरी तिचे डोळे भरले असते.

हुडकून हुडकून बुवांचा घसा बसला. त्यांनी पोथी शिकलेल्या पाव्हण्यापुढे सारली आणि खांबाला टेकून डोळे मिटले. देवानंद वाचू लागला. त्याचा आवाज म्हणजे जुन्या पंख्याची घरघर. आधी बाहेरचा गोल आडवा झाला, मग मधला. शेवटी दुर्गाबाईंचीही मान छातीवर आली. हुंकार मात्र चालूच होता. झोपेतही बाई पोथीवरचा ताबा सोडत नव्हती.

आवाज थांबला तर सगळ्या जाग्या होतील, हे देवानंदला कळत होतं. त्याने पान उलटलं आणि चाल न मोडता पोथीत नसलेलं वाचायला सुरुवात केली.

“सकळ बाया निजल्या आतां । बुवा घोरती टेकुनि माथा । ताई, ऊठ गे तत्त्वतां । चपला हातीं घेऊनी ॥”

“हूं,” दुर्गाबाई म्हणाल्या.

बेबीनंदा दचकली. मग पदर खोचून हळूच उठली.

“उजवीकडे जाऊं नको । कोणाच्या पायीं अडखळूं नको । मागें वळूनि पाहूं नको । जीप उभी वेशीपाशीं ॥”

“हूं.”

पोट सांभाळत तिने पहिला गोल ओलांडला. दुसऱ्यात एकीची वेणी चुकवली, तिसऱ्यात एकीचं झोपलेलं लेकरू. उंबऱ्याबाहेर पाय टाकला. आता देवळाच्या सात पायऱ्या राहिल्या होत्या आणि नेमकी तिथेच देवानंदची ओवी अडली. “पायरी”ला यमक काही सुचेना. बेबीनंदा वरच्याच पायरीवर, हातात चपला घेऊन उभी राहिली.

देवळात चिडीचूप झालं.

दुर्गाबाईंनी डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली.

“कामून थांबले, पाव्हणं? तिला पायऱ्या उतरू द्या की. लेकरू ऐकून राह्यलं.”