प्रभुभोजनाचं ताट

पश्चात्ताप होतो का, असं पाळकसाहेबांनी चांगुणाबाईला दुसऱ्यांदा विचारलं. ती मंडळीसमोर एकटी उभी होती. बाहेर जिंतूरच्या रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला, तशा सगळ्या माना खिडकीकडं वळल्या. जीप निघून गेली. माना पुन्हा तिच्याकडं आल्या.

विद्यापीठाच्या नामांतराची दंगल थंडावून पावसाळा सरत आला होता, पण गावातल्या या छोट्या प्रेस्बिटेरियन मंडळीला अजून नीट झोप नव्हती. त्या दिवसांत घराघरांच्या दारांवर चुन्यानं क्रूस काढले होते. आम्ही वेगळे, आम्ही ख्रिस्ती, बौद्ध नव्हे, हे जाळायला येणाऱ्यांना लांबूनच कळावं म्हणून. मंडळीतली घरं वाचली. तिकडं चांगुणाबाईचा भाऊ सटवाजी त्याच्या गावी घरासकट जळाला. तो बौद्ध होता. त्याच्या जलदानविधीला ती गेली आणि सगळ्यांबरोबर बुद्धाच्या तसबिरीपुढं हात जोडून उभी राहिली. कुणीतरी पाहिलं. गोष्ट मंडळीच्या वडिलांपर्यंत, म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपर्यंत आली.

त्या वडिलांमध्ये तिचा नवरा किशनरावही होता. बैठकीत पाळकसाहेब म्हणाले, पहिली आज्ञा, दुसरा देव नको, ही सगळ्यांना सारखीच. शिवाय आपली माणसं तिकडं दिसू लागली तर उद्या दारावरच्या क्रुसाला कोण विचारतो. तिनं मंडळीपुढं पश्चात्ताप करावा, नाहीतर तिला प्रभुभोजनाची पवित्र भाकर बंद, असं ठरलं. किशनरावानंही हात वर केला. घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. ती मळतच राहिली.

पाळकसाहेबांनी पुन्हा विचारलं. आवाज मऊ होता, पण घाईचा.

"येशूला मी सोडलं न्हाई," ती म्हणाली. "भावासाठी हात जोडलेते. त्याचा पस्तावा होईना मला."

एवढं बोलून ती बायकांच्या बाजूला आपल्या जागी जाऊन बसली. ती बाहेर निघून जाईल असं लोकांना वाटलं होतं. चुळबुळ सुरू झाली. पाळकसाहेब शास्त्राची पानं उगाच मागंपुढं करत राहिले. शेवटी त्यांनी आशीर्वाद मागितला, भाकर मोडली आणि ताट किशनरावाच्या हातात दिलं.

किशनराव रांगेरांगेनं निघाला. आधी पुरुष, मग बायका. बायकांच्या रांगेत सत्यशीलाबाईनं तुकडा उचलला आणि डोळे मिटले. तिच्या शेजारी चांगुणाबाई होती. ताट तिला ओलांडून पुढं न्यायचं होतं.

तो थांबला. पेटीवर गीत चाललं होतं. गीत संपलं, तरी तो तिथंच.

चांगुणाबाईनं मान वर केली नाही. "जावा पुढं," ती हळूच म्हणाली. "लोक बघायलेत."

पाळकसाहेबांनी त्याला पुढं सरकायची खूण केली. मग घाईघाईनं दुसरं गीत सांगितलं. दोघाचौघांनीच सूर धरला.

किशनराव खाली बसला. बायकांच्या सतरंजीवर, तिच्या शेजारी. ताट मांडीवर ठेवलं. त्यानं स्वतः तुकडा घेतला नाही, तिलाही दिला नाही. मागच्या रांगांतले हात पुढं झाले होते, ते तसेच राहिले.