सुभेदारांचं मत

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना मागच्या कोऱ्या पानावर एका ओळीत मत लिहायची पद्धत आहे. युद्धनीतीवरच्या त्या प्राचीन चिनी ग्रंथाचं पान भरत आलं होतं. कापडदुकानदार शहांनी लिहिलं होतं, "धंद्याला फार उपयोगी." कबड्डीच्या सरांनी, "फायनलला कामी आलं." सगळ्यात वर मी, ग्रंथपालानं, लिहिलं होतं, "समोरच्याला लोळवायचं तर हेच वाचा." भावावर घराच्या वाटणीचा दावा ठोकला, त्या आठवड्यातलं ते मत.

काल सुभेदार निकम पुस्तक घेऊन आले. उजव्या हाताची तीन बोटं लढाईत गेलेली, म्हणून डाव्या हातानं सावकाश लिहीत बसले.

"आवडलं का, आबा?"

"लिहिलंय की, ताई," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

मी पान उघडलं. अक्षर वाकडंतिकडं, पण वाचता येत होतं: "लिहिणारा स्वतः लढलेला असणार, कारण लढाईची हौस त्याला कुठंच नाही."

उभ्याउभ्या मी ती ओळ तीनदा वाचली. सोमवारी आमची कोर्टात तारीख होती. मी आधी भावाला फोन लावला, मग माझं मत खोडायला रबर शोधलं.