चौथा प्रश्न

प्रांजलनं पडद्यावरचं ‘ऐका’ हे ठळक बटण दाबलं आणि समोर बसलेल्या नाथाजीचाच रेकॉर्ड केलेला आवाज खोलीत घुमला.

“शिपाई गुंडा. खटाव तालुका. एकोणीसशे एकाहत्तरच्या लढाईत, चौदा डिसेंबरपासून बेपत्ता. त्यांना शेवटचं कुणी पाहिलं याची नोंद नाही.”

धोंडुबाई मान खाली घालून ऐकत होती. नवऱ्याचा, गुंडाचा, फोटो द्यायला ती सकाळच्या वडूज गाडीनं साताऱ्याला आली होती. तिला वाचता येत नव्हतं आणि आता नजरही गेली होती.

“व्हय भावजी,” ती म्हणाली. “सरकारी कागदातबी आसंच हाय.”

नाथाजी फौजेतला निवृत्त हवालदार. तालुक्यातून लढाईवर गेलेल्या जवानांची वेबसाइट करायची त्याला हौस. सांगलीला इंजिनिअरिंग शिकणारी नात प्रांजल सुट्टीत आली होती, तीच सगळं बसवून देत होती. हिरव्या रंगावरची पांढरी अक्षरं तिनं काढून टाकली, रणगाड्यांची हलती चित्रं काढली, पान उघडताच वाजणारा बिगुल काढला. म्हाताऱ्या माणसांना दिसलं पाहिजे, न दिसणाऱ्यांना ऐकू आलं पाहिजे, आणि प्रत्येक जवानाच्या पानावर चारच प्रश्नांची उत्तरं हवीत, असं तिचं म्हणणं. कोण होते, कुठले होते, कुठं लढले, पुढं काय झालं.

एकशे बारा पानं झाली होती. गुंडाच्या पानावर प्रांजल चौथ्या प्रश्नाशी थांबली.

“आजोबा, हे वाक्य कळत नाही. तुम्ही त्यांच्याच तुकडीत होता ना? मग नोंद नाही म्हणजे काय? तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलं, तेवढंच लिहू.”

“ऱ्हाऊ दे ते.”

“पण वाचणारा तिथंच अडकेल.”

“आडकू दे.”

धोंडुबाईनं मान वर केली. नाथाजी दर दिवाळीला तिच्याकडं जायचा. धाकल्या बहिणीला न्यावा तसा फराळ न्यायचा. वस्तीतली सगळी घरं रस्त्याकडेला आली, तरी ती एकटी जुन्या जागेवर राहिली होती. गुंडा परत आला तर दार चुकायला नको म्हणून. हे नाथाजीला ठाऊक होतं. छपराचे पत्रे त्यानंच बदलून दिले होते.

“भावजी,” ती म्हणाली, “तुमास्नी ठावं हाय व्हय?”

नाथाजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नातीला म्हणाला, “तू जरा आत जा.”

“ऱ्हाऊ द्या तिला,” धोंडुबाई म्हणाली. “तिला ल्ह्यायचं हाय.”



“पहाटं माघारीचा हुकूम आला,” नाथाजी म्हणाला. “त्याच्या मांडीत गोळी हुती. मी खांद्यावर घेतला. कालव्यापतूर आणला. मग तोफा सुरू झाल्या. मी त्याला खाली ठिवला. म्हनलं, माणसं घिऊन आलोच.”

“मग?”

“मी एकलाच पळालो, वैनी. पन्नास पावलं गेलो आसन. मागं वळलो तवा गोळा तितंच पडला हुता. काय उरलं न्हवतं.”

प्रांजलचा हात कळफलकावरून खाली आला.

“सायबानं इचारलं तवा म्हनलं, मला दिसला न्हाई. त्यो गेला म्हनून सांगायचं, तर मी सोडून आलो ह्येबी सांगावं लागलं आस्तं.”

धोंडुबाई भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिच्या मांडीवर फोटोचं पाकीट होतं. ते तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं.

“काय म्हनत हुता?”

तुमचं नाव घेत होता, असं नाथाजीच्या ओठावर आलं. पन्नास वर्षं तो हेच वाक्य मनात घेऊन तिच्या दारात जात होता.

“मला हाका मारत हुता,” तो म्हणाला. “नाथा, नाथा.”

तिनं मान हलवली.

“दर दिवाळीला आलासा. च्या पिलासा. मी इचारायची, काय कळलं का, आन् तुमी न्हाई म्हनायचा.”

“व्हय.”

“दर साली.”

“व्हय, वैनी.”

तो खुर्चीवरून उठला, तिच्या पायाशी बसायला वाकला. तिनं हातानंच नको म्हटलं. तो तसाच अर्धा वाकलेला उभा राहिला.

“पोरी,” धोंडुबाई म्हणाली, “त्या दिशी तिथी कुटली हुती, तुज्या त्यात दिसतंय का बघ. मला आता त्याचं करायला पायजे.”

प्रांजलनं पडद्यावरच्या पंचांगात तारीख घातली. एकदा डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं.

“मार्गशीर्ष वद्य द्वादशी, आजी.”

“बारस.”

“हो.”

धोंडुबाईनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. मग मोजायचं सोडून दिलं.

“त्यो लढाईवर गेल्यापासनं मी दर एकादस धरायची. पानीसुदिक घ्यायची न्हाई, त्यो नीट ऱ्हावा म्हनून. बारशीला पहाटंच उपास सोडायची. त्या वक्ताला मी जेवत आसन.”