बारा नंबरच्या गुंडाळ्या

जर्मिनेटरमध्ये, बियांची उगवण तपासायच्या मशीनमध्ये, ओल्या कागदाच्या सोळा गुंडाळ्या उभ्या होत्या. प्रत्येकीत सोयाबीनचे पन्नास दाणे. आठ गुंडाळ्यांवर पेन्सिलीने अकरा लिहिलेलं, आठांवर बारा. आत तापमान पंचवीस अंश.

मंजुषाने मशीनचं दार लावलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली.

"नागेशभाऊ, एक मे गुरुवारी आलाय. शुक्रवारी एक रजा टाका. शनिवार-रविवार सुट्टीच. एका रजेत चार दिवस."

नागेश हात पुसत होता. "आन् मशीन?"

"मी हाय की. पाणी मारायला एक माणूस पुरतो."

"न्हाई, औंदा तू जा. परवा अकिती हाय. तुझे बापू गेल्यावरची पहिलीच. तिथून रविवारपर्यंत ऱ्हा गावाकडं."

"आमचा भाऊ परमेश्वर भरतोय बापूंच्या नावाचा करा. तुमी जावा, लेकरांना फिरवून आणा." तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "सासूबाईंची तब्येत बरी हाय ना आता?"

नागेशचे कान लाल झाले. संध्याकाळी त्याने रजेचा अर्ज दिला.

परभणीतल्या या खाजगी बियाणे प्रयोगशाळेत ते दोघंच काम करत. वर सुमंगला मॅडम. रजेचा नियम एकच : जो आधी मागेल त्याची. मागच्या दिवाळीत नागेशने आधी मागितली होती. सासू लय सीरियस हाय, म्हणाला होता. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज मंजुषा हरभऱ्याच्या गुंडाळ्यांना पाणी मारत राहिली. पाडव्याला गावाकडून, वालूरहून, फोन आला, बापूंच्या छातीत दुखायलंय. मॅडम गावाला गेलेल्या, किल्ली तिच्याकडे. मशीन कुणावर सोडायचं, या विचारात तिची शेवटची एसटी गेली. सकाळी ती घरी पोचली तेव्हा बापूंना उचललं होतं.

आठवड्याभराने नागेशच्या बायकोने मोबाइलवर फोटो टाकले. समुद्र, उंट, आणि उंटावर हसणारी सासू.

मंजुषा त्याला काहीच बोलली नव्हती.

नमुना कुणाचा आहे ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून मॅडम फक्त नंबर देत. पण बाराची पिशवी नागेशने स्वतःच्या स्कूटरवरून आणलेली मंजुषाने खिडकीतून पाहिली होती. कुणाचं म्हणून विचारलं तर "हाय एकाचं" म्हणून त्याने विषय टाळला. दाणे मांडताना त्याचं लक्ष बारावरच होतं. सोनपेठला त्याचे सासरे दिनकरराव बियाणं विकतात, हे तिला माहीत होतं.

"मंगळवारी बारा मी मोजतो. तू अकरा घे," रजेवर जाताना तो म्हणाला.

ज्याच्या घरचा नमुना त्याने तो मोजायचा नाही, हाही मॅडमचाच नियम होता. मंजुषा हसली. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या.

सत्तर टक्क्यांच्या खाली उगवण आली की ते बियाणं राहत नाही. तेलाच्या गिरणीत जातं.

गुरुवारी ती एकटीच होती. दुपारी बाराला तिने बाराच्या आठही गुंडाळ्या बाहेर काढल्या आणि मागच्या ओट्यावर पत्र्याखाली मांडल्या. थर्मामीटरचा पारा चव्वेचाळीसवर गेला. तीन वाजता कागद पापडासारखे कडक झाले होते. तिने ते पाण्याने नीट भिजवले आणि पुन्हा मशीनमध्ये उभे केले. अकराच्या गुंडाळ्यांना नेहमीसारखं पाणी मारलं.

शुक्रवारी मॅडम होत्या. शनिवारी तिने पुन्हा तेच केलं.

गुंडाळ्या ओट्यावर असतानाच परमेश्वरचा फोन आला.

"ताई, करा भरला बग. आई दिसभर वाटंकडं बगत हुती."

"सुट्टी न्हवती."

"नागेशभाऊ हायेत का तिथं?"

"त्याचं नाव काढू नको माझ्याम्होरं."

"बरं बरं. सहज इचारलं. बापूनं काढून ठिवलेलं सोयाबीन अजून तसंच हाय. इकावंच वाटंना."

"नको इकू."

"न्हाई इकत. आपल्या रानात तर पेरतोच, पर गावातलेबी बियानं मागायलेत. बापूच्या हातचं म्हनून."

फोन ठेवून मंजुषा ओट्यावर गेली. सगळ्या गुंडाळ्या तिने एकेक करून उलट्या केल्या, दुसरी बाजूही तापावी म्हणून. रविवारीही केल्या.

मंगळवारी दोघं समोरासमोर बसले. अकराचे कोंब हिरवे, सरळ होते. मंजुषाची मोजणी लवकर संपली : चौऱ्याऐंशी टक्के.

नागेशने बाराची पहिली गुंडाळी उलगडली. मुळांची टोकं काळी पडली होती. त्याने दुसरी उलगडली. मग तिसरी.

"लाइट गेली हुती का गं?"

"मी बघितलं तवा मशीन पंचवीसच दाखवत होतं."

आठही गुंडाळ्या त्याने दोनदा मोजल्या. कपाळावर घाम आला होता. मंजुषा बेसिनपाशी चिमटे धूत त्याच्याकडे बघत होती. घाई करायचं तिला काही कारण नव्हतं.

दारात चपला वाजल्या. हातात आंब्यांची पिशवी घेऊन परमेश्वर आत आला. बहिणीकडे बघून तो हसला, पण सरळ नागेशच्या टेबलापाशी गेला.

"नागेशभाऊ, झाला का ओ आमच्या बापूचा नमुना? तुमी म्हनल्यावानी ताईला आजून कायबी कळू दिलं न्हाई बगा."

मंजुषाने नळ बंद केला.

नागेशने मान वर केली नाही. पेन्सिल उचलून त्याने लिहिलं : नमुना बारा. उगवण एकोणतीस टक्के.